अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्यांचें धातुशोधक यंत्र

थोर संशोधकांच्या यशाच्या कथा शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असतात. टेलिफोन कोणी शोधून काढला असें विचारतांच वर्गांतील सारे हात वर होतात, आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हें नांव एकदम ऐकूं येतें. परंतु ह्याच बेल यांनीं आणखी एक यंत्र तयार केलें होतें, तें एका मरणोन्मुख मनुष्याच्या बिछान्यापाशीं नेलें होतें, आणि तेथें त्यांस अपयश आलें होतें, ही हकीकत फारच थोड्यांस माहीत असते. आज जगांत ठिकठिकाणीं हौशी लोक धातुशोधक यंत्र हातीं घेऊन नदीकांठीं सोन्याचे कण आणि जुन्या रणभूमींवर नाणीं, बटणें व बंदुकीच्या गोळ्या शोधीत हिंडतात. त्यांच्या हातांतील यंत्राची वंशावळ मागें मागें पाहात गेलें असतां ती ह्या अपयशापर्यंत जाऊन पोंचते. म्हणून बेल यांचें चरित्र आम्ही ह्या लेखांत जरा निराळ्या बाजूनें सांगणार आहोंत.

बेल यांचा जन्म ता. ३ मार्च १८४७ रोजीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं झाला. त्यांचे आजोबा व वडील हे दोघेही वक्तृत्व व शुद्ध उच्चार शिकविण्याचा व्यवसाय करीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनीं ओठ, जीभ व घसा ह्यांची ठेवण चिन्हांनीं दाखविणारी एक लिपि तयार केली होती. तिला ते दृश्य वाणी म्हणत. ज्यानें जन्मांत कधीं शब्द ऐकला नाहीं अशा मुलासही ह्या लिपीच्या साहाय्यानें उच्चार शिकवितां येतील, अशी त्यांची आशा होती. आई एलायझाबाई यांस फार कमी ऐकूं येई. घरांतील इतर माणसें त्यांच्या कानास लावलेल्या नळींत मोठ्यानें बोलत; परंतु हा मधला मुलगा आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, गंभीर स्वरांत बोले, आणि तें आईस समजे. ध्वनि म्हणजे कंप, आणि तो नेहमींच्या वाटेखेरीज दुसऱ्या वाटेनेंही मनुष्यापर्यंत पोंचूं शकतो, हा धडा बेल यांस पुस्तकाआधीं आईपाशीं मिळाला.

शाळेंत त्यांची गणना हुशार मुलांत होत नसे. परंतु बारा वर्षांच्या सुमारास एका मित्राच्या वडिलांच्या गिरणींत खेळतांना, कांहीं उपयोगाचें काम करा, असें त्या गृहस्थांनीं मुलांस सुनावलें. तेव्हां ह्या मुलानें खिळ्यांच्या कुंचल्यांची योजना करून गव्हाचा कोंडा काढणारें एक लहानसें यंत्र तयार केलें, आणि तें त्या गिरणींत खरोखरच वापरण्यांत आलें. पुढें मात्र घरावर दुःखाची छाया पडली. धाकटा भाऊ १८६७ सालीं व वडील भाऊ १८७० सालीं क्षयानें मरण पावले. उरलेल्या एकुलत्या मुलाची प्रकृति खालावत चाललेली पाहून आईबापांनीं मायदेश सोडला, आणि १८७० सालीं हें कुटुंब कानडांतील ब्रँटफर्ड येथें जाऊन राहिलें. तेथील मोकळ्या हवेनें बेल यांची प्रकृति सुधारली.

१८७१ सालीं ते अमेरिकेंतील बोस्टन शहरीं बहिऱ्या मुलांच्या शाळेंत शिक्षकांस दृश्य वाणी शिकविण्यासाठीं गेले. १८७३ सालीं त्यांस बोस्टन विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळाली. बेल जन्मभर स्वतःस प्रथम बहिऱ्यांचा शिक्षक समजत, आणि संशोधक त्यानंतर. ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाची वाटते. दिवसा शिकवावें व रात्रीं तारा, चुंबक आणि पोलादी पट्ट्या घेऊन प्रयोग करीत बसावें, असा त्यांचा क्रम असे. एकाच तारेवरून एकाच वेळीं अनेक तारायंत्र-संदेश पाठविण्याची युक्ति शोधतां शोधतां, मनुष्याचा आवाजच विजेच्या लहरींच्या रूपानें तारेंतून धाडतां येईल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. थॉमस वॉटसन नांवाचा एक कुशल तरुण कारागीर त्यांस साहाय्यक मिळाला. ता. ७ मार्च १८७६ रोजीं बेल यांस टेलिफोनचें पेटंट मिळालें, आणि ता. १० मार्च रोजीं दुसऱ्या खोलींत असलेल्या वॉटसन यांनीं, आपल्या मालकानें आपणांस बोलाविल्याचे शब्द तारेंतून स्पष्ट ऐकले. त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील भव्य प्रदर्शनांत ब्राझीलचे बादशहा डॉम पेड्रो यांनीं हें यंत्र कानास लावलें व ते आश्चर्यचकित झाले. १८७७ सालीं बेल यांचा विवाह मेबल हबर्ड यांच्याशीं झाला. लहानपणीं आलेल्या तापानें त्यांची श्रवणशक्ति नाहींशी झाली होती, आणि त्या बेल यांच्याच एक शिष्या होत्या. टेलिफोनच्या जनकाचा आवाज त्याच्या आईस नीट ऐकूं येत नसे व पत्नीस तर मुळींच ऐकूं येत नसे, ही दैवाची केवढी विचित्र योजना!

टेलिफोनचा प्रसार झपाट्यानें झाला. १८८२ सालीं आपल्या मुंबईंतही टेलिफोनचें एक्स्चेंज उघडलें. १८८० सालीं फ्रेंच सरकारनें बेल यांस व्होल्टा पारितोषिक म्हणून ५०,००० फ्रँक दिले. ती रक्कम त्यांनीं वॉशिंग्टन येथें प्रयोगशाळा काढण्याकडे लावली. त्यावेळीं त्यांचें वय अवघें तेहतीस वर्षांचें होतें. धन, कीर्ति आणि संसारसुख हीं तिन्ही त्यांच्या दाराशीं होतीं. अशा वेळीं ती घटना घडली, जिच्यामुळें सारें अमेरिका राष्ट्र हादरून गेलें.

ता. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड हे वॉशिंग्टनच्या रेल्वे-स्टेशनांत गाडीची वाट पाहात असतां चार्ल्स गिटो नांवाच्या माथेफिरू मनुष्यानें त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक गोळी दंडास चाटून गेली. दुसरी पाठींत शिरली व आंतच राहिली. गारफील्ड हे गरिबींतून वर आलेले, विद्वान व धर्मशील गृहस्थ होते. अध्यक्षपद स्वीकारून त्यांस चार महिनेही झाले नव्हते. देशांतील मंदिरांमंदिरांतून त्यांच्यासाठीं प्रार्थना होऊं लागल्या. त्यांच्या उपचारांचीं सूत्रें डॉ. ब्लिस यांच्या हातीं गेलीं. गोळी कोठें आहे हें समजावें म्हणून ते व इतर डॉक्टर जखमेंत बोटें व सळया घालून पाहूं लागले. शस्त्रक्रियेपूर्वीं हात व हत्यारें कार्बोलिक आम्लानें निर्जंतुक करावीं, असें लिस्टर यांनीं १८६७ सालींच प्रसिद्ध केलें होतें. परंतु अमेरिकेंतील पुष्कळ जुन्या डॉक्टरांस तें पटलें नव्हतें. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तर अद्याप चौदा वर्षें अवकाश होता. दिवसेंदिवस अध्यक्षांचा ताप वाढत चालला.

ही वार्ता ऐकून बेल अस्वस्थ झाले. शरीरास न कापतां, न टोंचतां आंतील गोळीचा ठाव विजेनें लावतां येणार नाहीं काय, हा विचार त्यांस चैन पडूं देईना. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांच्या मनांतही असाच विचार घोळत असल्याचें त्यांच्या कानांवर आलें. बेल यांनीं ताबडतोब आपली सेवा देऊं केली, आणि सम्नर टेंटर ह्या साहाय्यकासह ते रात्रंदिवस कामास लागले.

त्यांच्या यंत्राचें तत्त्व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजण्याजोगें आहे. तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं घ्यावीं. पहिल्यांतून थांबत थांबत जाणारा विद्युत्प्रवाह सोडावा, म्हणजे त्याच्या भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणीं वाढतें व कमी होतें, आणि त्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांतही प्रवाह उत्पन्न होतो. दुसऱ्या वेटोळ्यास टेलिफोन जोडला तर त्यांत गुणगुण ऐकूं येते. आतां हीं वेटोळीं एकमेकांवर अशा बेतानें ठेवावीं कीं, एका बाजूचा परिणाम दुसऱ्या बाजूच्या परिणामानें तंतोतंत नाहींसा व्हावा. मग टेलिफोन मुका होतो. तराजूचीं पारडीं समतोल झालीं असें समजावें. अशा वेळीं जवळ एखादा धातूचा तुकडा आला कीं, त्यांतही लहानसे प्रवाह उत्पन्न होतात, समतोल बिघडतो, व मुका टेलिफोन बोलूं लागतो. लंडन येथील डेव्हिड ह्यूझ यांनीं १८७९ सालीं अशा प्रकारच्या तराजूचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. बेल यांनीं त्याच तत्त्वावर शरीरावरून फिरवितां येईल असें यंत्र बनविलें. आणि तराजूचा कांटा म्हणून त्यांच्या स्वतःच्या टेलिफोनइतकें सूक्ष्म साधन दुसरें कोणतेंच नव्हतें.

यंत्राची परीक्षा त्यांनीं कसून घेतली. कोंड्याच्या पोत्यांत गोळ्या लपवून त्या शोधल्या. खाटकाकडील मांसाच्या तुकड्यांत गोळ्या घालून पाहिल्या. यादवी युद्धांत जखमी होऊन ज्यांच्या अंगांत वर्षानुवर्षें गोळ्या राहून गेल्या होत्या अशा वृद्ध शिपायांस बोलावून त्यांच्या अंगावरून यंत्र फिरविलें. यंत्र गोळी दाखवी.

ता. २६ जुलै रोजीं संध्याकाळीं बेल व टेंटर आपलें यंत्र घेऊन व्हाइट हाउस ह्या अध्यक्षांच्या निवासस्थानीं गेले. उन्हाळा कडक होता. रोग्याच्या खोलींत बर्फावरून गार केलेली हवा सोडण्याची योजना केलेली होती. बेल यांनीं टेलिफोन कानास लावला. परंतु त्यांत चरचर असा भलताच आवाज सारखा येत होता, आणि यंत्राची शक्ति मंदावली होती. परत आल्यावर कळून आलें कीं, घाईंत एक भाग चुकीच्या रीतीनें जोडला गेला होता. दोष दूर करून ते ता. १ ऑगस्ट रोजीं पुन्हां गेले. ह्या वेळीं यंत्र ठीक होतें. परंतु एका ठिकाणीं स्पष्ट आवाज यावा, तो न येतां बऱ्याच मोठ्या जागेवर मंद मंद आवाज येत राहिला. गोळी उजव्या अंगास आहे असें डॉ. ब्लिस यांनीं पूर्वींच जाहीर केलें होतें, आणि यंत्र त्यांनीं त्याच अंगावर फिरवूं दिलें. मंद आवाज ऐकतांच, आपलेंच म्हणणें खरें ठरलें, असें त्यांनीं मानलें व तसें प्रसिद्धही झालें.

बेल यांचें मात्र समाधान झालें नाहीं. बिछान्याजवळ दुसरा कांहीं धातु तर नव्हता, अशी त्यांनीं मागाहून चौकशी केली. तेव्हां समजलें कीं, घोड्याच्या केसांच्या गादीखालीं पोलादी तारांची दुसरी एक गादी होती. ज्या यंत्राचा सारा धर्मच धातु जाणण्याचा, त्याच्यापुढें रोगी धातूच्या जाळ्यावर निजविलेला होता, आणि हें कोणीही बेल यांस आधीं सांगितलें नव्हतें! ह्या गादीमुळें थोडाबहुत घोटाळा झाला असावा. परंतु खरें विघ्न त्याहून मोठें होतें. ता. १९ सप्टेंबर १८८१ रोजीं न्यू जर्सींतील समुद्रकांठच्या एल्बरन गांवीं अध्यक्ष गारफील्ड यांचें देहावसान झालें. शवपरीक्षेंत आढळून आलें कीं, गोळी डाव्या अंगास, स्वादुपिंडाच्या मागें होती, आणि शरीरानें तिच्याभोंवतीं आवरण घालून तिला निरुपद्रवी करून टाकलें होतें. ज्या बाजूस यंत्र फिरवूंच दिलें नाहीं, त्याच बाजूस ती होती. अध्यक्षांस गोळीपेक्षां मलिन बोटांनीं व सळयांनीं आंत नेलेल्या जंतूंनीं मारलें, असेंच आजचे वैद्यकशास्त्रज्ञ मानतात.

बेल यांच्यावर त्या ऑगस्ट महिन्यांत आणखीही एक आघात झाला होता. ता. १५ रोजीं मेबलबाई मुदतीपूर्वीं प्रसूत झाल्या; मुलगा झाला, परंतु त्याच्या फुप्फुसांस श्वास घेण्याचें बळ नव्हतें, आणि कांहीं तासांतच तो गेला. एका बाजूस राष्ट्राचा पिता मृत्युशय्येवर, दुसऱ्या बाजूस स्वतःचें अर्भक मातीआड. अशा प्रसंगीं मनुष्याचा हात कामावरून गळून पडला तर त्यास कोण दोष देईल? परंतु बेल यांनीं आपलें दुःख कामांत ओतलें. पुढील वर्षीं त्यांनीं छातीभोंवतीं बसवून, हवेचा दाब कमीजास्त करून, कृत्रिम श्वास देणारें धातूचें एक वेष्टण तयार केलें; पुढें अर्धांगाच्या रोग्यांस जगविणाऱ्या लोखंडी फुप्फुसाचें तें पूर्वरूप होय. गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनास जोडलेली एक बारीक सुईही त्यांनीं बनविली. सुई धातूस लागतांच टेलिफोनांत टक् असा आवाज होई. क्ष-किरण सर्वत्र होईपर्यंत शस्त्रवैद्यांस तिचा उपयोग झाला. आणि १८८२ सालीं माँट्रिअल येथें शास्त्रज्ञांच्या सभेपुढें त्यांनीं गारफील्ड यांच्यावरील प्रयोगांची संपूर्ण हकीकत, चुकांसह, वाचून दाखविली. कोणतीही सबब पुढें न करतां आपलें अपयश विद्वानांच्या सभेंत मांडणें, हें टेलिफोन शोधण्याइतकेंच मोठें काम आहे, असें आम्हांस वाटतें.

पुढील चाळीस वर्षांतील त्यांच्या उद्योगांची नुसती यादी दिली तरी पानें भरतील. टेलिफोनच्या पेटंटाबद्दल त्यांच्यावर अनेक फिर्यादी झाल्या. अखेर १८८८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १८८६ सालीं एक गृहस्थ आपल्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीस घेऊन त्यांच्याकडे आले. बेल यांनीं त्यांस योग्य संस्थेचा मार्ग दाखविला, आणि १८८७ सालीं त्या मुलीस अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका मिळाली. ती मुलगी म्हणजेच हेलन केलर. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें आत्मचरित्र तिनें बेल यांस अर्पण केलें आहे. बहिऱ्यांच्या शिक्षणांत बेल यांनीं तनमनधन वेंचलें, हें खरें. परंतु बहिऱ्या मुलांनीं ओठ पाहून बोलावें, हातांच्या खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि बहिऱ्यांनीं आपसांत विवाह करूं नयेत असेंही त्यांचें मत होतें. ह्या आग्रहामुळें पुष्कळ बहिरीं मुलें आपल्या सहज भाषेस मुकलीं, असें आज बहिऱ्या समाजांतील विचारवंत म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. थोरांचें चरित्र लिहितांना त्यांचे दोष झांकणें हें त्यांस उपकारक नसतें, व वाचकांसही नसतें.

उत्तरायुष्यांत बेल कानडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं बॅडेक गांवाजवळ उन्हाळा घालवीत. तेथें त्यांनीं प्रचंड पतंग उडविले, तरुण मंडळी जमवून विमानें बांधलीं, आणि ता. २३ फेब्रुवारी १९०९ रोजीं त्यांच्या मंडळीचें सिल्व्हर डार्ट हें विमान तेथील गोठलेल्या सरोवरावरून उडालें. १९१९ सालीं त्यांच्या जलपृष्ठावरून उचलून धांवणाऱ्या नौकेनें ताशीं ७० मैलांहून अधिक वेग गांठला. ता. २ ऑगस्ट १९२२ रोजीं मधुमेहाच्या विकारानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या दफनविधीच्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यांत आले. ज्यानें जगास बोलतें केलें, त्यास जगानें मौनानें निरोप दिला.

आतां त्यांच्या त्या दुर्दैवी यंत्राचें पुढें काय झालें, तें पाहूं. तत्त्व मेलें नाहीं. गेरहार्ड फिशर नांवाच्या जर्मन वंशाच्या एका रेडिओ-तज्ज्ञानें विमानांस दिशा दाखविणाऱ्या यंत्रावर काम करतांना पाहिलें कीं, जवळपास धातु किंवा धातुयुक्त खडक असला तर यंत्र चुकतें. दुसऱ्यास जी चूक वाटली असती, तींत त्यास नवा मार्ग दिसला; १९३७ सालीं त्याला धातुशोधक यंत्राचें पेटंट मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडच्या सैन्यांतील युझेफ कोसात्स्की ह्या अधिकाऱ्यानें जमिनींतील सुरुंग शोधणारें यंत्र तयार केलें, आणि १९४२ सालीं एल अलामीनच्या लढाईंत त्याचा उपयोग झाला. बेल यांचें यंत्र एका मनुष्याचे प्राण वांचवूं शकलें नाहीं. परंतु त्याच्या वंशजानें हजारों शिपायांची वाट निर्धोक केली. युद्ध संपल्यावर लष्करानें हीं यंत्रें स्वस्तांत विकून टाकलीं, आणि तीं विकत घेऊन अमेरिकेंतील हौशी लोक व्हर्जिनियांतील यादवी युद्धाच्या जुन्या छावण्यांवर गोळ्या, बटणें व पट्ट्यांचीं बकलें शोधूं लागले.

अशीं जुनीं यंत्रें वापरणारे लोक अजूनही आहेत, आणि त्यांचे नियम पाहिले तर गारफील्ड यांच्या खोलीची आठवण झाल्याखेरीज राहात नाहीं. पहिला नियम, यंत्राची परीक्षा आधीं घ्यावी. विजेऱ्या ताज्या असाव्या. ओळखीचें नाणें वेटोळ्यापुढें धरून तें किती अंतरावरून ऐकूं येतें तें पाहावें, आणि मगच रानांत जावें. दुसरा नियम, आपल्या जवळचा धातु दूर करावा. अंगठी, लोखंडी फावडें व बुटाचे खिळे हे जुन्या यंत्रास सोन्यासारखेच ऐकूं येतात. कित्येक ठिकाणीं जमिनींतच लोहयुक्त काळी वाळू असते, आणि नदीचें सोनें बहुधा तिच्याच सोबतीस असतें. म्हणून यंत्र त्या जमिनीवर धरून त्याचा समतोल पुन्हां साधावा लागतो. तिसरा नियम, सगळी जमीन शोधावी. दोऱ्या बांधून पट्टे पाडावे. वेटोळें जमिनीलगत व समांतर ठेवून सावकाश फिरवावें. प्रत्येक फेरी मागील फेरीवर थोडी चढवावी, म्हणजे मध्यें कोरी जागा राहात नाहीं. जुन्या यंत्रास खिळा आणि नाणें ह्यांतील भेद कळत नाहीं, म्हणून प्रत्येक आवाज खणून पाहावा लागतो. नवीं यंत्रें हा भेद करितात. परंतु चिरमुटलेला वर्ख टाळावा असें त्यांस सांगितलें कीं, तीं बारीक सोन्याचा कणही त्याबरोबर टाळतात. म्हणून सोनें शोधणारा अनुभवी मनुष्य भेदावर भिस्त न ठेवतां खणीत राहतो.

ह्या चिकाटीचें फळ कांहींस मिळालेलें आहे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतीं किंगाउअर येथें १९८० सालीं अशा यंत्रानें सुमारें २७ किलो वजनाचा सोन्याचा गोळा सांपडला. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यांत २००९ सालीं एका हौशी मनुष्यास चौदा वर्षांच्या जुन्या यंत्राच्या साहाय्यानें एका शेतांत सातव्या शतकांतील सोन्यारुप्याचा मोठा ठेवा सांपडला; त्यांतील सोनेंच सुमारें ४ किलो भरलें. तरवारींच्या मुठींचे अलंकार, ख्रिस्ती क्रूस, आणि जुन्या करारांतील गणना ह्या पुस्तकांतील एक वचन कोरलेली सोन्याची पट्टी, अशा वस्तू त्यांत होत्या. त्या मनुष्यानें ठेवा लपविला नाहीं, सरकारास कळविलें. ठेव्याची किंमत ३२,८५,००० पौंड ठरली, तो संग्रहालयांस मिळाला, आणि ती रक्कम त्या मनुष्यांत व शेताच्या मालकांत वांटली गेली.

येथें आमच्या विद्यार्थ्यांस एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. जमिनींतील वस्तु ही केवळ सांपडणाऱ्याची नसते. ती कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं होती, हें नोंदल्यावांचून ती उपटून काढली, तर इतिहासाचें एक पान फाटल्यासारखें होतें. अमेरिकेंत १९७९ च्या कायद्यानें सरकारी भूमीवरील प्राचीन अवशेष परवान्यावांचून खणण्यास बंदी आहे. आपल्या देशांत १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें लागतें, आणि १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्मारकांच्या जागीं खणतां येत नाहीं. म्हणून आपल्या किल्ल्यांवर व लेण्यांत यंत्र घेऊन जाण्याचा मोह कोणीही धरूं नये. शिवाय जुन्या तोफगोळ्यांत दारू शिल्लक असूं शकते. ती शतकानंतरही जीव घेते.

बेल यांच्या चरित्रापासून घेण्याजोगा बोध आमच्या मतें हा आहे. त्यांच्या यंत्रांत दोष होते, आणि ते त्यांनीं सुधारले. परंतु गोळी कोठें आहे हें आधींच ठरवून बसलेल्या मनुष्याच्या अभिमानावर त्यांच्यापाशीं कोणतेंही यंत्र नव्हतें. उजवी बाजू पुन्हां पुन्हां तपासली गेली, आणि डावी बाजू मृत्यूनंतरच उघडण्यांत आली. आपणही गणित सोडवितांना, कोणाविषयीं मत बनवितांना, किंवा स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेतांना पुष्कळदां असेंच करितों. जेथें कांहीं सांपडावें अशी आपली इच्छा असते तेथेंच शोधितों. प्रभु येशूच्या हरवलेल्या नाण्याच्या दृष्टांतांतील ती साधी बाई ह्या बाबतींत डॉ. ब्लिस यांच्याहून शहाणी होती. नाणें अमुक कोपऱ्यांत असेल, असें तिनें गृहीत धरलें नाहीं. तिनें दिवा लावला, सगळें घर झाडलें, आणि नाणें सांपडेपर्यंत शोध थांबविला नाहीं. आमच्या शाळेंतून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी सत्याचा शोध ह्याच रीतीनें करो, अशी आमची प्रार्थना आहे.